पूजेतला नकाशा

अक्षय तृतीया, सकाळची वेळ, ऊन चढायच्या आत. जागा: साखरखेर्ड्याजवळच्या आमच्या गावात, राहत्या घराशेजारचं मोकळं आवार. हजर: अण्णा म्हणजे माझे वडील, आई, अण्णांच्या थोरल्या बहीण आत्याबाई, धाकटा भाऊ प्रमोद, पूजा सांगणारे गुरुजी, घर बांधणारे हिवाळे मिस्त्री आणि मी. गैरहजर: नव्या घराचा सुधारित नकाशा.

आजही कुठल्याही बांधकामाच्या पहिल्या दिवशी मी अशी नोंद करते. कोण आलं, कोण नाही आलं, कोणाच्या हातात कोणता कागद आहे. माझ्या ऑफिसातली पोरं हसतात. मॅडम हजेरी घेतात, म्हणतात. हसू देत. चिखलीत आणि आजूबाजूच्या खेड्यांत मी जी घरं उभी केली त्यांच्या भिंती जिथे हव्या होत्या तिथेच आहेत. फक्त एका घराच्या नाहीत. ते आमचं स्वतःचं.

तेव्हा मी नुकतीच सिव्हिलचा डिप्लोमा करून चिखलीत एका इंजिनियर साहेबांकडे ड्रॉइंगच्या कामाला लागले होते. ऑफिस बियाण्यांच्या दुकानावर होतं. जिन्यात कीटकनाशकाचा वास आणि वर आल्यावर अमोनियाचा. खाली रस्त्यावर जीपवाले दिवसभर बुलडाण्याच्या नावाने ओरडत असायचे, आणि हंगामात सरकीचा बारीक कापूस उडत खिडकीतून यायचा तो नेमका ओल्या शाईवर बसायचा. ट्रेसिंग पेपरवर शाईने रेघ ओढायची, चुकली तर दाढीच्या ब्लेडने हलक्या हाताने खरवडायची, खरवडलेल्या जागेवर नखाने घोटायचं आणि पुन्हा ओढायची. मूळ नकाशा एकच, त्या ट्रेसिंगवरचा. बाकी सगळ्या त्याच्या प्रती, अमोनियाच्या मशीनमधून निघणाऱ्या, निळसर रेघांच्या. साहेबांचे नियम थोडे आणि पक्के होते. मूळ ट्रेसिंग ऑफिसबाहेर जाणार नाही. नकाशात बदल झाला की उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत तो लिहायचा. आणि नवी प्रत दिली की जुन्या प्रतीवर मोठ्या अक्षरांत ‘रद्द’ लिहायचं, नाहीतर ती परत आणायची. साहेब म्हणायचे, साइटवर दोन नकाशे असले की घर तिसरंच उभं राहतं. मला तेव्हा हे उगाच फुगवलेलं वाक्य वाटायचं.

आमचं राहतं घर मातीच्या भिंतींचं, टिनाच्या छपराचं. संडास आवाराच्या टोकाला, गोठ्याच्या मागे. तिथे जायचं म्हणजे घराच्या मागच्या दाराने उतरायचं, म्हशींच्या मागून, शेणाच्या ढिगाला वळसा घालून, उतारावरच्या पायवाटेने खाली. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. आईला वाटायचं. कापूस वेचण्यात आणि निंदणात तिचे गुडघे फार लवकर गेले होते. एका पावसाळ्यात ती त्या उतारावर घसरली आणि तशीच चिखलात बसून राहिली, कोणीतरी म्हशी सोडायला येईपर्यंत. त्यानंतर तिने दुपारच्या चहानंतर पाणी प्यायचं सोडून दिलं. उन्हाळ्यातसुद्धा. तोंडाने काही बोलली नाही. मी कॉलेजातून सुटीला आले होते तेव्हा माझ्या लक्षात आलं की संध्याकाळी सगळ्यांना पाण्याचा तांब्या देते आणि स्वतः ओठ ओला करते फक्त. विचारलं तर म्हणाली, “तहानच नाई लागत वं मले.” आई नांदुऱ्याकडची. तिची वऱ्हाडी जरा जास्तच ठसठशीत, आणि खोटं बोलतानाही तेवढीच.

म्हणून घर बांधायचं ठरलं तेव्हा नकाशा मीच काढणार हे मी आधीच सांगून टाकलं. पहिला नकाशा मी घाईत काढला, नगरपालिकेच्या नकाशांच्या ढिगातून वेळ काढून. पुढे ओसरी, मध्ये बैठक, डावीकडे स्वयंपाकघर, उजवीकडे मागे आई-अण्णांची खोली, आत्याबाईंची खोली देवघराला लागून. संडास-न्हाणी अण्णांनी सांगितल्याप्रमाणे होती तिथेच, गोठ्यामागे, फक्त पक्क्या बांधणीची. प्रत घरी नेली. सगळ्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. अण्णा म्हणाले, “मस्त आहे.” प्रमोदने विचारलं, “ह्याच्यात टीव्ही कुठं आहे?” आत्याबाईंनी देवघर कोणत्या दिशेला ते विचारलं आणि समाधानाने सुपारी कातरायला लागल्या. आईने भाकरी थापता थापता लांबूनच पाहिलं. तिला कोणी कागद दाखवला नाही, मीही नाही. ती प्रत प्रमोदने घडी घालून आपल्या पेटीत ठेवली.

परत चिखलीला जाताना जीपमध्ये मला स्वतःचाच राग आला. ज्या एका गोष्टीसाठी मला हे घर काढायचं होतं ती त्या नकाशात नव्हतीच. मी नवा विचार केला. आईच्या खोलीच्या मागच्या भिंतीत एक दार, दारापलीकडे छोटासा बोळ, बोळाच्या टोकाला संडास आणि न्हाणी. पायरी नाही, उतार नाही, म्हशी नाहीत. पेन्सिलने काढलेला कच्चा कागद घेऊन मी पुढच्या रविवारी घरी गेले आणि संध्याकाळच्या जेवणानंतर तो बैठकीत जमिनीवर पसरला. चार कोपऱ्यांवर तांब्या, अडकित्ता, वरवंटा आणि अण्णांची चप्पल.

आत्याबाई बघतच राहिल्या. “घरात संडास? शैले, शिकून शिकून येडी झाली का वं? उद्या म्हनशीन देवघरात म्हस बांधा.”

“घरात नाही आत्या, घराला लागून. मध्ये दोन भिंती आहेत.”

“भितीनं वास थांबते का?”

“वर हवा जायची खिडकी आहे. शहरात सगळ्यांच्या घरात असतं.”

“शहरातल्या लोकाह्यले काय, थे गॅलरीत झोपतेत.” प्रमोद खो खो हसला. आत्याबाई त्याच्यावर घसरल्या, “दात काऊन काढून राह्यला बे? तुले त दहा पावलं चालाले जीवावर येते, तुलेच पायजे असीन हे.”

असं आठवडाभर चाललं, म्हणजे मी नसतानाही. गिरणीवर दळण न्यायला गेलेल्या आत्याबाई तिथल्या बायकांचं मत घेऊन आल्या. अण्णांनी पारावर विषय काढला. शेवटी पुढच्या रविवारी आत्याबाईंनी अट घातली: संडासाचं दार स्वयंपाकघरातून दिसायला नको, आणि देवघराच्या भिंतीला त्याची भिंत लागायला नको. मी बोळाला एक वळण दिलं. कागद पुन्हा पसरला. आत्याबाईंनी चष्मा लावून, बोटाने एक एक भिंत चाचपत खात्री करून घेतली. मग आईकडे वळून म्हणाल्या, “बरं हाय. तुहे पाय वाचतीन.” मला वाटतं त्या क्षणी त्यांना खरोखरच बरं वाटलं होतं. मनाने त्या वाईट नव्हत्या. मनाने वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं.

तेव्हा आई पहिल्यांदा कागदाजवळ येऊन बसली. पदराला हात पुसून तिने नव्या दाराशी काढलेली अर्धगोल रेघ दाखवली. “हे काय?”

“दार उघडताना जेवढं फिरतं तेवढं. ह्या बाजूला उघडेल.”

“म्हंजे कडी आतून?”

“हो.”

तिने मान हलवली आणि भांडी घासायला उठली. पण जाताना तिने तो कागद ओलांडला नाही, त्याला वळसा घालून गेली.

मी चिखलीला जाऊन ते सगळं नीट शाईने ट्रेसिंगवर उतरवलं. कोपऱ्यातल्या चौकटीत बदल लिहिला. साहेबांनी सही केली. आणि प्रत काढायच्या दिवशी मशीनवाला म्हणाला, “ताई, अमोनिया संपला. अकोल्याहून येऊन राह्यला.” तो आज येणार होता, मग उद्या, मग तृतीया होऊन गेल्यावर. ट्रेसिंग घेऊन जाऊ का म्हणून साहेबांना विचारलं. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. नियम म्हणजे नियम. मी रिकाम्या हाताने एसटीत बसले आणि स्वतःला समजावलं की पूजेला नकाशा लागतोच कशाला. पूजा जागेची असते.

आमच्याकडे ती कागदाचीही असते हे मला ठाऊक नव्हतं. चौरंगावर कलश मांडला, तांदळावर सुपारी बसली, कुदळीला आणि फावड्याला कुंकू लागलं, आणि गुरुजी म्हणाले, “नकाशा आणा. त्याच्यावरही अक्षता पडू द्या.” मी म्हटलं, नकाशा चिखलीत आहे. प्रमोद म्हणाला, “अरे, आहे ना आपल्यापाशी,” आणि धावत जाऊन पेटीतून पहिली प्रत घेऊन आला. घडीवर शाळेच्या बुटाच्या पॉलिशचा डाग.

“हा नाही चालणार. हा जुना आहे. ह्याच्यात आईचं दार नाही.”

“पूजेपुरता आहे बाई,” गुरुजी म्हणाले. “देवाला दार-खिडक्या मोजायच्या नाहीत.”

सगळे हसले. मी म्हटलं ठीक, पण मग ह्याच्यावर मी तसं लिहून ठेवते. पर्समधलं बॉलपेन काढलं, कागद मांडीवर घेतला आणि ‘र’ काढणार तेवढ्यात आत्याबाईंनी माझं मनगट धरलं.

“काय लिवून राह्यली?”

“रद्द.”

“आजच्या दिवशी? घराच्या कागदावर? रद्द?” त्यांचा आवाज असा चढला की गोठ्यातल्या म्हशींनी मान वर केली. “आवं, तोंडातून तरी काढू नको! भाऊ, पोरीच्या हातातलं घे पेन.”

अण्णांनी पेन घेतलं. गुरुजी शांतपणे म्हणाले, “लेकी, आजच्या दिवशी जे करतो ते कधी क्षय पावत नाही. म्हणून तर लोक आजचा दिवस धरतात. भलतं लिहू नये.” मी आईकडे पाहिलं. आई पितरांसाठी भरलेल्या मातीच्या घागरीवर आंबा ठेवत होती. तिने डोळ्यांनीच मला खाली बसायला सांगितलं.

जुन्या प्रतीच्या चारही कोपऱ्यांना हळद लागली, वरच्या बाजूला कुंकवाचं स्वस्तिक. ते नेमकं आईच्या खोलीवर आलं. नारळ फुटला. मग आत्याबाईंनी तो कागद नव्या खणात गुंडाळला आणि नारळाच्या अर्ध्या वाटीसकट हिवाळे मिस्त्रींच्या हातात दिला. मिस्त्री तोवर पूजेच्या जागेपासून जरा लांब, विटांच्या ढिगाजवळ उभे होते. ते पूजाबिजा मानत नव्हते. त्यांच्या घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, तिसरं काही नाही. पण त्यांनी तो कागद दोन्ही हातांनी घेतला, कपाळाजवळ नेला आणि आपल्या थैलीत सर्वांत आत ठेवला. आमच्या गावात त्यांच्या हातात पूजेतली वस्तू अशी हाताला हात लागून किती घरांनी दिली असेल, मला शंका आहे. हे सगळं मला आज दिसतं. त्या दिवशी मला फक्त एवढंच दिसलं की चुकीचा कागद साइटवर गेला.

जेवायला पुरणपोळी, आमरस, तळलेल्या कुरडया, आणि त्यावर गरम तूप. मी फार जेवले नाही. कुरडईचा कुरकुर आवाज सगळ्या ओळीतून येत होता आणि मी मनात कामं लावत होते: प्रत काढणे, मिस्त्रींना देणे, समजावणे, जुनी परत घेणे.

अमोनिया आला. प्रती निघाल्या. पुढच्या रविवारी मी साइटवर जाऊन हिवाळे मिस्त्रींना नवी प्रत दिली. पाया अजून खणायचा होता. नवं दार, बोळ, संडास, सगळं लाल पेन्सिलने रंगवून दाखवलं. “समजलं ना मिस्त्री?”

“हाव ताई. समजलं.”

“मग तो जुना कागद मला द्या.”

मिस्त्रींनी थैलीवर हात ठेवला. “थो कसा देऊ ताई? पूजेतला हाय. घर पुरं होयपर्यंत मिस्त्रीपाशीच ठेवतेत.”

मी अण्णांना म्हटलं, तुम्ही सांगा. अण्णा म्हणाले, “असू दे गं, ठेवून ठेवून काय करणार आहे तो. नवा दिलास ना?” एक प्रत मी प्रमोदलाही दिली आणि निघाले. शेवटची जीप गेली की चिखलीला जायला काही नसायचं.

मग कामाचा रेटा आला. पावसाळ्याआधी सगळ्यांना नकाशे पास करून हवे असतात. काही रविवार मी ऑफिसातच घालवले. घरी जायला जमलं तेव्हा उन्हाने आवाराची माती पांढरी पडली होती आणि आमचं घर माझ्या छातीएवढं वर आलं होतं. ओल्या सिमेंटवर गोणपाटं टाकली होती, त्यांचा वास येत होता. मला खूप आनंद झाला. पहिल्यांदाच मी कागदावर ओढलेली रेघ विटांची झालेली पाहत होते. बैठकीतून आत गेले, तिथून आईच्या खोलीत. मागच्या भिंतीशी उभी राहिले. भिंत सलग होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सुंदर सरळ, एका विटेचीही फट नाही.

मिस्त्री जेवायला बसले होते. भाकरी, ठेचा, कांदा. मला बघून उठायला लागले.

“बसा, बसा. मिस्त्री, मागच्या खोलीतलं दार?”

“कोन्तं दार ताई?”

“लाल पेन्सिलनं दाखवलं होतं ते.”

त्यांनी हात धुतला, थैली ओढली आणि माझी प्रत बाहेर काढली. तिला मी लावलेला रबर तसाच होता. “हाय ना. जपून ठेवलेला हाय.”

“जपून ठेवायला दिला होता का मी?”

“ताई, नाराज नका होऊ. ह्या कागदाची पूजा नाई झाली.”

मी म्हटलं, “मिस्त्री, तुम्ही कधीपासून हे मानायला लागलात?”

“मी नाई मानत. तुमी मानता.” ते शांतच होते. “मी इचारलं ताई. असा नाई बांधला. प्रमोदभाऊले इचारलं, दोन कागद हायेत, कोन्ता धरू? थे म्हने आत्याबाईले इचारा. आत्याबाईले इचारलं. त्या म्हने, ज्याची पूजा झाली थो धरा. मंग मी तिसऱ्या कोनाले इचारू?”

“पण बघितलं नाही का, दोन्हीत फरक आहे ते?”

“पाह्यलं ना. म्हनून त इचारलं.” मग म्हणाले, “मांगं एका घरी मालकानं सांगतलं म्हनून खिडकी सरकवली मी. पूजेतल्या नकाशात खिडकी दुसरीकडं होती. मंग त्याच्या घरात पोरगं बिमार पडलं. बोल कोनाले लागला? मालकाले नाई लागला, कागदाले नाई लागला. पुऱ्या गावानं म्हटलं, हिवाळ्यानं खिडकी सरकवली. तवापासून मी लय सोपं करून टाकलं. मालकानं हळद लावून देल्ला थो कागद. बाकी सारे कागद कागद.”

आवाराच्या कोपऱ्यात, गोठ्यामागे, संडासाचा खड्डाही तयार होता. छान गोल, आतून विटांनी बांधलेला.

मी घरात गेले. आत्याबाई लोणच्यासाठी कैऱ्या फोडत होत्या. कैरीच्या कोयीवर विळीचा तो टक टक आवाज मला अजून आवडत नाही. “आत्या, तुम्ही मिस्त्रींना जुना नकाशा धरायला सांगितला?”

“जुना कुठचा? पूजेतला सांगतला.”

“पूजेतलाच जुना होता. त्यात आईचं दार नाही.”

त्यांनी विळी थांबवली. “नाई कसं? आपलं ठरलं होतं ना? मी हो म्हटलं होतं ना?”

“ठरलं होतं. पण ते दुसऱ्या कागदावर.”

“मंग थे ठरलेलं ह्या कागदावर काऊन नाई आलं?”

त्यांच्या लेखी घर बोलून ठरत होतं. ठरलं की ते सगळ्या कागदांत आपोआप उतरायला हवं होतं, जसं सोयरिकीचं ठरलं की दोन्हीकडच्या सगळ्या माणसांना कळतं. त्या खरोखर गोंधळल्या होत्या. कैरीने हिरवट झालेल्या हातांनी त्या माझ्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “मले वाटलं पूजेत आलं थेच खरं असीन.”

त्या वेळी दार करणं काही अवघड नव्हतं. भिंत छातीएवढीच होती. दाराच्या मापाच्या विटा काढायच्या, वर भार पेलायला लिंटल टाकायचं, झालं. मिस्त्री म्हणाले, अण्णांनी हो म्हटलं तर उद्याच करतो. मी अण्णांना बाहेर बोलावून भिंत दाखवली. अण्णांनी भिंतीवरून हात फिरवला, जसा म्हशीच्या पाठीवरून फिरवतात.

“आता उभी भिंत पाडायची?”

“पाडायची नाही. तेवढ्याच विटा काढायच्या.”

“आत्याला विचारलंस?”

आत्याबाई म्हणाल्या, चालते, पण गुरुजींना विचारा, पूजेतल्या घराच्या विटा काढायच्या म्हणजे दिवस पाहायला हवा. गुरुजी त्यांच्या लेकीकडे गेले होते. ते आल्यावर म्हणाले, सध्या मुहूर्त नाही. मग अण्णा म्हणाले, पाऊस तोंडावर आला आहे, आधी स्लॅब पडू दे, दार काय, कधीही पाडता येतं. प्रमोद म्हणाला, “ताई, एवढं काय त्याच्यात? नंतर करू ना.” सगळे खरं बोलत होते. दार कधीही पाडता येतं. मी आतापर्यंत इतक्या घरांची कामं केली, पण ह्या एका वाक्याएवढी मजबूत भिंत कुठे पाहिली नाही.

निघायच्या आधी मी आईला गाठलं. ती हौदावर गोणपाटं भिजवत होती, भिंतींवर टाकायला. त्या भिंतीवरही.

“आई, तू बोल. तू म्हटलंस तर अण्णा ऐकतील.”

“काय बोलू?”

“मला दार पाहिजे म्हण.”

तिने गोणपाट पिळलं नाही, तसंच गळतं उचललं. “मी कवा काई मांगतलं का वं ह्या घरात? आता घर बांधून राह्यले, सारेच हलाकान झाले, अन् मी संडासासाठी भित फोडाले लावू? लोक काय म्हनतीन?”

“लोक नाही, पाय तुझे आहेत.”

“पायाले सवय हाय.” मग माझा चेहरा बघून हसली. “तू काढलं ना दार कागदावर. मले समजलं. झालं मंग.”

नाही झालं. मी तिच्यावरच चिडले, सगळ्यांत जास्त तिच्यावर, आणि जेवण न करता जीप पकडली. आजही मला त्या चिडण्याचं वाईट वाटत नाही. तिने एकदा, फक्त एकदा मोठ्याने मागितलं असतं तर अण्णांनी स्वतः विटा काढल्या असत्या. हे मला तेव्हा वाटत होतं, आताही वाटतं.

स्लॅब पडला. पाऊस आला. दसऱ्याला आम्ही नव्या घरात राहायला गेलो. आई गोठ्यामागे जात राहिली.

पुढे मी माझं स्वतःचं ऑफिस काढलं. नकाशे आता संगणकावर होतात, प्रत मोबाइलवर जाते, आणि गोंधळ होता तेवढाच आहे, फक्त वेगाने होतो. मिस्त्रीच्या फोनमध्ये एकाच घराचे सात नकाशे असतात आणि तो सर्वांत वरचा उघडतो, किंवा मालकाच्या मेव्हण्याने शेवटी पाठवला तो. भूमिपूजनाला मी स्वतः जाते. चौरंगावर ठेवायचा नकाशा माझ्या हातचा, शेवटच्या तारखेचा. आधीच्या प्रती मागून घेते, मगच नारळ फोडू देते. एका मालकाने विचारलं, मॅडम, तुम्ही फार धार्मिक आहात का? मी हो म्हटलं. समजावत बसायला वेळ नव्हता.

आत्याबाई गेल्या, अण्णाही गेले. हिवाळे मिस्त्री थकले, त्यांचा पुतण्या कामं घेतो. दरम्यान आमच्या घरावर मजला चढला, ओसरीला ग्रिल लागलं, बैठकीत फरशी बदलली. प्रत्येक वेळी मी मागच्या दाराचा नकाशा नव्याने काढून नेला. एकदा मिस्त्री मिळाला नाही, एकदा सोयाबीन काढणीला आलं होतं, एकदा प्रमोदच्या पोरीचं लग्न निघालं आणि लग्नघराची भिंत फोडत नाहीत म्हणे. प्रमोदने गोठ्यामागच्या वाटेवर सिमेंट टाकलं, पाइपचा कठडा बसवला, दिवा लावला. खर्च दारापेक्षा जास्तच झाला असेल. तो मनापासून म्हणाला, “बघ ताई, केली ना आईची सोय.”

ह्या वेळी मी कोणालाच विचारलं नाही. हिवाळ्यांच्या पुतण्याला घेऊन गेले. आई पलंगावर बसून शेंगा सोलत होती. आता तिला उठायला दोन्ही बाजूंनी हात लागतो. पुतण्याने भिंत ठोकून पाहिली, वरचा मजला आहे, आधी टेकू द्यावे लागतील म्हणाला, दोन दिवसांचं काम आहे, गव्हाच्या पेरण्या उरकल्या की येतो. मी टेप लावून मोजलं आणि निळ्या खडूने भिंतीवर दाराची चौकट आखली, पूर्ण उंचीची.

आई बघत होती. म्हणाली, “आता कायले? चांगली भित हाय. उन्हाळ्यात थंडी राह्यते.”

“तू बोलू नकोस,” मी म्हटलं.

परवा प्रमोदच्या बायकोचा फोन आला. घराला रंग द्यायला माणसं आली आहेत, मागच्या खोलीतली निळी रेघ पुसू का, म्हणून विचारत होती. मी म्हटलं, “पुसू नको. तेवढी भिंत सोडून बाकी रंगवून घ्या.”

पुतण्याला मी आज सकाळी फोन केला. त्याने उचलला नाही. उद्या पुन्हा करायचा आहे.